प्रिंटर अडला, दारात रांग आणि समोर पहिलाच दुवा

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत, म्हणून हे सदर त्यालाच दिलं आहे. सांगलीत माझं संगणक आणि प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याला २१ वर्षं झाली. 'काही केलं नाही हो, आपोआप बिघडलं' असं सांगत जी मशीन माझ्याकडे येतात, त्यांतली कितीतरी ड्रायव्हर शोधायला निघालेल्या माणसांची असतात. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, कॅमेरा, अंगठ्याचं मशीन यांची बोली विंडोजला समजावून सांगणारा प्रोग्राम. तो संगणकाच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतो, म्हणून बसवताना विंडोज परवानगी विचारतं आणि आपण 'येस' दाबतो. चोराला तेच 'येस' हवं असतं. एखाद्या गाण्याच्या फाईलने अशी परवानगी मागितली तर आपण थबकू. ड्रायव्हरने मागितली तर वावगं वाटत नाही, कारण खरा ड्रायव्हरही ती मागतोच.

प्रश्न : परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. दहावीच्या निकालानंतर दाखल्यांची रांग लागलेली असताना जुना लॅपटॉप गेला. विंडोज ११ असलेला नवा आणला, पण त्यावर आमचा कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर चालेना. गुगलवर नाव टाकलं आणि पहिलाच दुवा उघडला. पानावर कॅननचं नाव होतं. मॉडेल नंबर टाकला, निळी पट्टी सरकत गेली आणि 'इन्स्टॉलेशन फेल्ड' असं येऊन खाली फोन नंबर आला. मी फोन केला. हिंदीत बोलणाऱ्या माणसाने एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याला आपला संगणक दुरून चालवू देणारा प्रोग्राम, घ्यायला लावलं, काळ्या पडद्यावर भराभर अक्षरं पळवून दाखवली, 'आपके नेटवर्क में हॅकर है' म्हणाला आणि ४,५०० रुपये मागितले. मला शंका आली, मी लॅपटॉप बंद केला. पण १५ मिनिटं तो त्याच्या ताब्यात होता. पुढे भाच्याने पेन ड्राइव्हवरून ड्रायव्हर टाकून दिला, प्रिंट येतात. आता धोका आहे का? घरी सांगायची लाज वाटते.
(सेवा केंद्रचालक, परभणी)

उत्तर : लाजेचं आधी बोलू. २०१२ साली मी स्वतः 'सगळ्या कंपन्यांचे ड्रायव्हर एकाच ठिकाणी' असलेला एक पॅक कुठूनतरी उतरवून घेतला होता आणि वेळ वाचतो म्हणून गिऱ्हाइकांच्या मशीनवर वापरत होते. शिकवणी घेणाऱ्या एका बाईंच्या संगणकात त्यातून काहीतरी शिरलं आणि त्यांच्या बँकेच्या पानाऐवजी तसंच दिसणारं दुसरं पान उघडायला लागलं. पत्ता वेगळा आहे हे त्यांच्या लक्षात आलं, म्हणून पैसे वाचले. धंदा माझा, आणि चूक त्यांनी पकडली. त्या दिवशी पॅक पुसून टाकला, आधीच्या गिऱ्हाइकांना एकेक फोन करून मशीन परत बोलावली. तेव्हा तुम्ही फसलात यात कमीपणा नाही. तुम्ही १५ मिनिटांत ओळखलंत आणि पैसे दिले नाहीत. घरी आज संध्याकाळीच सांगा. तुमच्या घरातला दुसरा कुणी उद्या हाच प्रिंटर शोधणार आहे.

आता तुमच्यासमोर काय घडलं ते सांगते. ती निळी पट्टी म्हणजे नुसतं हलतं चित्र. तिच्यामागे काहीही बसत नव्हतं, त्यामुळे 'फेल' झालं म्हणण्यासारखंही काही नव्हतं. प्रत्येकाला तेच दिसतं, कारण पुढचा फोन हाच त्यांचा धंदा आहे. काळ्या पडद्यावर पळणारी अक्षरं म्हणजे बहुतेक वेळा विंडोजचीच फाईलींची यादी दाखवणारी साधी आज्ञा असते. प्रिंटरच्या नावाने हा प्रकार जगभर चालतो आणि त्यात एचपीचं नाव फार वापरलं जातं. एचपीचं खरं पान '१२३ डॉट एचपी डॉट कॉम' असं आहे. म्हणून नकली पानांच्या नावात १२३ असतं, एचपी असतं, मध्ये आडवी रेघ असते आणि पुढे 'सेटअप' किंवा 'सपोर्ट' चिकटवलेलं असतं.

पत्ता वाचायची एक सवय लावून घ्या. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा. त्यानंतर पहिली एकटी तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधी जे असतं ते घराच्या मालकाचं नाव. डावीकडे काय काय लिहिलंय त्याला किंमत नाही, तिथे कुणीही कॅनन लिहू शकतो. कॅननची भारतातली खरी साइट 'इन डॉट कॅनन' आहे. शेवटी डॉट कॉम नाही म्हणून लोक तिथून परत फिरतात आणि डॉट कॉमवाल्या नकली पानावर जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुमच्या प्रिंटरचा ड्रायव्हर तिथे फुकट मिळतो. आणि तुम्ही उघडलात त्या पहिल्या दुव्यावर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं होतं का, आठवून पाहा. ती जागा जाहिरातीची असते. पैसे भरले की कुणालाही मिळते.

धोका आहे का, विचारलंत. आहे, आणि प्रिंट येतात यावरून काही ठरत नाही. १५ मिनिटांत माणूस मागे दुसरी वाट ठेवून जाऊ शकतो. तुमच्या लॅपटॉपवर तर गावाची आधार कार्डं, उत्पन्नाचे दाखले, जातीची कागदपत्रं आहेत. म्हणून मी 'स्कॅन करून बघा' एवढ्यावर सोडणार नाही. आधी इंटरनेट तोडा. डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे पेन ड्राइव्हसारखं दिसणारं ते उपकरण, लॅपटॉपला लावलेलं असेल तर काढा. त्या १५ मिनिटांत ते लावलेलं होतं का, हे नीट आठवा. टोकनमधली किल्ली बाहेर काढता येत नाही, पण ते जोडलेलं असताना पिन माहीत असलेला माणूस दुरून सही करू शकतो, म्हणून लॅपटॉप साफ झाल्यावर पिन बदला. पासवर्ड मात्र आत्ताच, आणि त्या लॅपटॉपवरून नव्हे, दुसऱ्या फोनवरून बदला. पहिला ईमेलचा, कारण बाकीचे सगळे त्याच्यावरून बदलता येतात, मग बँकेचा, मग पोर्टलचा. जिथे 'सर्व उपकरणांवरून लॉग आउट' असा पर्याय असेल, तिथे तोही दाबा. हल्लीची चोरटी सॉफ्टवेअर ब्राउझरमधलं चालू लॉगिनच उचलून नेतात, तेव्हा नुसता पासवर्ड बदलून भागत नाही.

त्यानंतर कागदपत्रं बाजूला काढून लॅपटॉप फॉरमॅट मारा. कागदपत्रं म्हणजे पीडीएफ, फोटो, वर्ड, एक्सेल. सेटअपच्या फाईली, म्हणजे ज्यांच्या नावाशेवटी ईएक्सई किंवा एमएसआय आहे त्या, एकही परत आणू नका. भाच्याच्या पेन ड्राइव्हवरची पण नको. त्याने मदतीच्या भावनेने दिली, पण ती त्याच्याकडे कुठून आली ते त्यालाही माहीत नसणार.

बँकेच्या खात्यातून एक रुपयाही गेलेला दिसला तर त्याच घडीला १९३० वर फोन करा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी कळवलं तर ते थांबवता येतात, म्हणून 'उद्या बँकेत जाऊन विचारू' असं करू नका. पैसे गेले नसले तरी तो फोन नंबर आणि पानाचा पत्ता पोर्टलवर कळवाच.

केंद्रचालकांसाठी आणखी एक. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिसही, म्हणजे आधारच्या पडताळणीसाठी त्या मशीनला लागणारा प्रोग्रामही, लोक अशीच घाईत शोधतात. तिथे फसणं जास्त सोपं आहे, कारण आरडी सर्व्हिसचं नूतनीकरण खरोखरच पैसे भरून करावं लागतं. प्रिंटरच्या ड्रायव्हरला कुणी पैसे मागितले की खोट कळते, तिथे कळत नाही. म्हणून मशीनवर ज्या कंपनीचं नाव छापलंय तिची साइट एकदा शांतपणे शोधून, तपासून ब्राउझरच्या बुकमार्कमध्ये ठेवा. हे काम रविवारी करा, रांग नसताना.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. लॅपटॉप २०२२ चा आहे. एक प्रोग्राम रोज सांगतो की माझे ३१ ड्रायव्हर जुने झाले आहेत आणि त्यांतला एक तर २००६ चा आहे. दुरुस्तीसाठी वर्षाला १,८०० रुपये. भरावेत का? २०२२ च्या लॅपटॉपमध्ये २००६ ची वस्तू कशी, हे मला उमगत नाही.
(सातारा)

उत्तर : सर, भरू नका. तुम्हाला पडलेला प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर फार कमी लोकांना माहीत असतं. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख मुद्दाम घातलेली असते. ड्रायव्हर निवडताना विंडोज तारीख बघतं. आपली तारीख जुनी ठेवली की प्रिंटरच्या किंवा साउंड कार्डच्या कंपनीने दिलेला ड्रायव्हर नेहमी नवा ठरतो आणि त्यालाच पहिला मान मिळतो, असा त्यामागचा विचार आहे. आतला प्रोग्राम नवाच असतो, शिक्का तेवढा जुना. तुमचा तो प्रोग्राम हा शिक्का लाल रंगात दाखवून तुम्हाला घाबरवतोय.

चालणाऱ्या यंत्राचा ड्रायव्हर उगाच बदलू नये, हे माझं मत आहे आणि अनुभवही. आवाज येतो, प्रिंट निघते, वायफाय चालतं, तर हात लावू नका. बदलायचाच झाला तर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडा, त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' आणि पुढे 'ऑप्शनल अपडेट्स'. ड्रायव्हर असेल तर तिथे दिसतो, फुकट. नाहीतर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर, मागच्या बाजूचा सीरियल नंबर टाकून. तो प्रोग्राम काढून टाका आणि कार्डाचा नंबर कधी दिला असेल तर बँकेत ते कार्ड बंद करून दुसरं मागा.

संगणक तपासल्याचा देखावा करून पैसे काढणं हा धंदा लहानसहान लोकांचाच आहे असं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत ऑफिस डेपो ही दुकानांची मोठी साखळी आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी, दोघांना मिळून तिथल्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत साडेतीन कोटी डॉलर भरावे लागले. आरोप हाच होता : मोफत तपासणी करायची, दोष 'सापडला' म्हणून सांगायचं आणि दुरुस्ती विकायची.

प्रश्न : मुलगा इंजिनिअर आहे, सात महिने नोकरीच्या शोधात. परदेशातल्या एका क्रिप्टो कंपनीची ऑनलाइन मुलाखत आली. प्रश्नांची उत्तरं व्हिडिओवर द्यायची होती, पण ऐन वेळी 'कॅमेरा चालत नाही, ड्रायव्हर अपडेट करा' असं आलं. एक ओळ कॉपी करून काळ्या खिडकीत टाकायला सांगितली होती. त्याने टाकली. मग ते पान बंदच पडलं. मुलाखत हुकली म्हणून तो दोन दिवस जेवला नाही. यात काही काळंबेरं आहे का?
(आई, नाशिक)

उत्तर : ताई, मुलाला आधी जवळ घेऊन सांगा की मुलाखत हुकलेली नाही, कारण तिथे नोकरीच नव्हती. हे पत्र वाचून मला फार वाईट वाटलं. नोकरी शोधणाऱ्याची घाई आणि भीती हेरून रचलेला हा सापळा आहे. सेकोया या सुरक्षा कंपनीने २०२५ मध्ये याला 'क्लिकफेक इंटरव्ह्यू' असं नाव दिलं आणि त्याचा संबंध उत्तर कोरियाच्या लाझारस या टोळीशी जोडला. पद्धत हीच : क्रिप्टो कंपनीची मुलाखत, व्हिडिओ उत्तरं, शेवटच्या क्षणी कॅमेऱ्याचा ड्रायव्हर आणि कॉपी करायची एक ओळ. ती ओळ कुठूनतरी फाईल ओढून आणते आणि चालवते. अशा वेळी अँटिव्हायरसलाही चटकन शंका येत नाही, कारण आज्ञा मालकाने स्वतःच्या हाताने दिलेली असते.

हे मुलाच्या मित्रांनाही सांगा : ब्राउझर कॅमेऱ्याची फक्त परवानगी मागतो. 'अलाउ' किंवा 'ब्लॉक', एवढंच. कुठल्याही वेबसाइटला तुमच्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर बसवायचं कारण नाही. शंका आली तर विंडोजचं 'कॅमेरा' अ‍ॅप उघडावं. त्यात चेहरा दिसला की ड्रायव्हर ठणठणीत आहे, खोट समोरच्या पानात आहे. दहा सेकंदांचं काम आहे. 'विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग पेस्ट करा, मग एंटर' असं कुणीही, अगदी 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणून जरी सांगितलं, तरी तिथेच पान बंद करावं.

लॅपटॉपचं आता परभणीच्या वाचकांना सांगितलं तेच सगळं करायचं : इंटरनेट तोडणं, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड, सगळीकडून लॉग आउट, फॉरमॅट. क्रिप्टोचं पाकीट त्या लॅपटॉपवर असेल तर त्यातली रक्कम आजच दुसऱ्या उपकरणावर केलेल्या नव्या पाकिटात हलवावी. आणि ज्या खात्यावरून त्या कंपनीने त्याला संदेश पाठवला ते खातं त्या नोकरीच्या साइटला कळवावं. तिथे पुढचा मुलगा वाट बघत असेल.

प्रश्न : आमचा टी-शर्ट छपाईचा छोटा व्यवसाय आहे. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून ड्रायव्हर घेतला की डोळे मिटून बसवावा का?
(म्हापसा, गोवा)

उत्तर : बहुतेक वेळा चालतं, पण डोळे उघडे ठेवा. तुमच्याच धंद्यातलं उदाहरण आहे. प्रोकलर्ड ही चिनी कंपनी टी-शर्टवर आणि वस्तूंवर छापायचे प्रिंटर बनवते. २०२५ मध्ये एका यूट्यूब समीक्षकाने तिच्या प्रिंटरसोबत आलेला पेन ड्राइव्ह लावला आणि अँटिव्हायरसने धोक्याची सूचना दिली. कंपनीने आधी तो अँटिव्हायरसचा गैरसमज ठरवला. जी डेटा या जर्मन सुरक्षा कंपनीने तपासलं तेव्हा सहा मॉडेलांच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायरस निघाले, आणि त्या फाईली कंपनीनेच लोकांना उतरवायला ठेवलेल्या होत्या. त्यांतला एक व्हायरस तुम्ही बिटकॉइनचा पत्ता कॉपी केला की त्या जागी चोराचा पत्ता ठेवायचा. कंपनीने नंतर त्या फाईली काढल्या.

म्हणून मी काय करते ते सांगते. उतरवलेल्या फाईलवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघते. 'डिजिटल सिग्नेचर्स' असा भाग असेल तर सही कुणाची आहे ते वाचते. कॅननच्या ड्रायव्हरवर कॅननची सही हवी. सहीच नसेल किंवा भलत्याच नावाची असेल तर थांबते. मग ती फाईल व्हायरसटोटल या साइटवर टाकते. गुगलच्या मालकीची ही मोफत सेवा कितीतरी अँटिव्हायरसांकडून एकाच वेळी फाईल तपासून देते. एखाद्यानेच शंका काढली तर ती चुकीची असू शकते, पाच-दहांनी काढली तर फाईल पुसायची. फक्त तिथे गिऱ्हाइकाचे कागद, आधार, बँकेची पासबुकं टाकू नका. तिथे टाकलेली फाईल इतर संशोधकांनाही मिळते.

सही म्हणजे शंभर टक्के हमी नव्हे. २०१९ मध्ये उघड झालेल्या प्रकरणात आसुसच्या लॅपटॉपांना कंपनीच्याच अपडेटमधून, कंपनीच्याच खऱ्या सहीनिशी घातक फाईल गेली होती. पण अशा घटना विरळ. माझ्या दुकानात येणारी मशीन बिनसहीच्या फाईलींनीच आजारी पडलेली असतात.

प्रश्न : मी पॉलिटेक्निकला आहे. प्रोजेक्टसाठी स्वस्तातला अर्डुइनो बोर्ड (प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) घेतला, लॅपटॉप तो ओळखत नाही. एका साइटवर ड्रायव्हर मिळाला. झिप फाईलला पासवर्ड आहे आणि 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं लिहिलंय. सबमिशन सोमवारी आहे.
(इचलकरंजी)

उत्तर : ती झिप उघडू नकोस. पासवर्ड तुझ्यासाठी नाही घातलेला, तो ब्राउझरला आणि अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून घातलेला आहे. आणि शेवटचा पहारेकरी उरला म्हणून त्यालाही घरी पाठवायला सांगितलंय.

आधी केबल बदलून बघ. फोनच्या चार्जरसोबत येणाऱ्या काही केबलींत फक्त वीज वाहते, डेटाच्या तारा नसतात. निम्मी पोरं इथेच अडकलेली असतात आणि ड्रायव्हर शोधत बसतात. मग 'डिव्हाइस मॅनेजर' उघड, पिवळ्या खुणेच्या नावावर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'डिटेल्स', आणि यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवड. तिथे व्हीआयडी आणि पीआयडी असे दोन नंबर दिसतील. पहिला बनवणाऱ्याचा, दुसरा वस्तूचा. १ए८६ आणि ७५२३ असे निघाले तर तुझ्या बोर्डावर यूएसबीतून लॅपटॉपशी बोलणारी सीएच३४० ही चिप आहे. ती चीनमधली नानजिंगची डब्ल्यूसीएच कंपनी बनवते आणि ड्रायव्हर तिच्याच साइटवर फुकट आहे. पण आधी नेट चालू ठेवून विंडोज अपडेट दाबून बघ, बऱ्याचदा तिथूनच येतो आणि कुठे जावंच लागत नाही.

असे बोर्ड जोडायच्या, बाजारातल्या काही जुन्या यूएसबी-सिरियल केबलींत त्याच कामाच्या पीएल२३०३ या चिपची जुनी किंवा नकली आवृत्ती असते. तिचा नवा ड्रायव्हर नावाच्या जागीच 'ही चिप २०१२ पासून बंद' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दाखवतो. तसं दिसलं तर कुठलाही ड्रायव्हर शोधत रात्र घालवू नकोस, केबलच दुसरी घे. सोमवारपर्यंत वेळ आहे. नंबर १ए८६ निघाला नाही तर जो निघेल तो आजच लिहून पाठव, मी बघून सांगते.